दुखणे कमी झाले म्हणजे ताकद वाढली का?

सांगोला, पंढरपूर, इंदापूर या पट्ट्यातले डाळिंब सोलापूर रस्त्याने पुण्यात येते, ते हडपसर ओलांडूनच. त्यातले काही इथेच उतरते. गाडीतळापासून मगरपट्ट्यापर्यंत आणि पुढे अमानोराच्या बाजूला जिम वाढल्या, तशी त्यांच्या आसपास ज्यूस सेंटरही वाढली. सकाळी वजने उचलून बाहेर पडलेली मुले-मुली तिथे थांबतात, ‘डाळिंब, साखर नको, बर्फ कमी’ असे सांगतात आणि उभ्याउभ्याच पेला संपवतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते: यात अँटिऑक्सिडंट असतात, त्याने रिकव्हरी लवकर होते, उद्या अंग आंबत नाही.

हे मत मला उथळ वाटते. रसाला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो त्यामागच्या तर्काला. वजनाच्या व्यायामानंतर शरीरात जी रासायनिक धामधूम उडते, तिचा बराचसा भाग म्हणजे स्नायूला मिळालेला ‘बदल’ असा हुकूम असतो. ती धामधूम शमवणे आणि ताकद वाढवणे ही दोन वेगळी उद्दिष्टे आहेत आणि काही वेळा ती एकमेकांच्या आड येतात. रसाचा उपयोग झालाच तर पहिल्यासाठी थोडा होतो. म्हणून रस कोणत्या दिवशी आणि कशासाठी प्यायचा, हा विचार आधी करायला हवा.

समज आला कुठून

डेनहॅम हार्मन यांनी १९५६ मध्ये मांडले की पेशींमध्ये तयार होणारे मुक्त मूलक, म्हणजे फ्री रॅडिकल, शरीराची झीज करतात आणि वार्धक्य त्यातूनच येते. १९८२ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी उंदरांना दमछाक होईपर्यंत पळवले आणि त्यांच्या स्नायूंत या मूलकांचे प्रमाण वाढल्याचे दाखवले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की निष्कर्ष आपोआप निघतो: मूलके घातक, व्यायामाने मूलके वाढतात, म्हणून व्यायामानंतर ती मारणारे काहीतरी घ्यावे. फळे आणि रस विकणाऱ्यांना यापेक्षा सोयीचे तर्कशास्त्र मिळाले नसते. परीक्षानळीत कोणते फळ किती मूलके विझवते याचे आकडे निघाले आणि त्यावरून ‘सुपरफूड’च्या याद्या झाल्या. कधी डाळिंब वर, कधी जांभूळ, कधी आवळा, कधी कोकम. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा आपला तक्ता २०१२ मध्ये मागे घेतला, कारण परीक्षानळीतल्या क्षमतेवरून माणसाच्या शरीरातला परिणाम सांगता येत नाही. तक्ता गेला, याद्या मात्र राहिल्या.

पहिली पायरी: मूलके निरोपही पोहोचवतात

या तर्काला मोठा धक्का २००९ मध्ये बसला. जर्मनीत मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी तरुण पुरुषांना ४ आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम ‘क’ आणि ४०० एकक ‘ई’ जीवनसत्त्व दिले. व्यायामाने इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारतो, हा त्याचा मोठा फायदा. गोळ्या न घेणाऱ्यांना तो मिळाला. गोळ्या घेणाऱ्यांचा घाम तेवढाच गळला, पण फायदा पुसला गेला. मूलकांची वाढ दिसली की पेशी स्वतःची संरक्षक यंत्रणा मजबूत करते. बाहेरून औषध ओतून ती वाढ दाबली, तर पेशीला तयारी करायची गरजच कळत नाही.

वजनाच्या व्यायामाबाबत नॉर्वेतून दोन अभ्यास आले. गोरान पॉल्सेन यांच्या गटाने २०१४ मध्ये वजने उचलण्याची सवय असलेल्या ३२ स्त्री-पुरुषांवर १० आठवडे प्रयोग केला. ‘क’ आणि ‘ई’च्या मोठ्या मात्रांनी स्नायूचा आकार वाढण्यात फरक पडला नाही. पण वाढीचा आदेश देणारी पेशीतली काही प्रथिने मंदावली आणि दंडाची ताकद तुलनेने कमी वाढली. दोन वर्षांनी साठीपुढच्या पुरुषांवरचा १२ आठवड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीरातला चरबीविरहित भाग ३.९ टक्के वाढला आणि घेणाऱ्यांचा १.४ टक्के. ज्या वयात स्नायू टिकवणे सर्वांत गरजेचे, त्याच वयात ‘संरक्षण’ महाग पडले.

याला समांतर उदाहरण बर्फाच्या पाण्यात बसण्याचे. ऑस्ट्रेलियातल्या २०१५ च्या अभ्यासात प्रत्येक सत्रानंतर थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू १२ आठवड्यांत कमी वाढले. त्यांना बरे वाटत नव्हते असे नाही. व्यायामानंतर बरे वाटणे आणि व्यायामाने घडणे यांत जे अंतर आहे, ते या सगळ्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसते.

दुसरी पायरी: अंग आंबणे हे मोजमाप नाही

‘रिकव्हरी झाली’ हे माणूस कशावरून ठरवतो? दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या किती ओरडतात यावरून. हे माप चुकीचे आहे. नव्या किंवा जड व्यायामानंतर साधारण २४ ते ७२ तासांत चढणारे हे दुखणे थिओडोर हॉ यांनी १९०२ मध्येच नोंदवले होते. ते लॅक्टिक आम्लामुळे होते, ही समजूत जिममध्ये अजूनही ऐकू येते. प्रत्यक्षात लॅक्टेट तासाभरात निवळते आणि दुखणे सुरू होते दुसऱ्या दिवशी. वजन सावकाश खाली उतरवताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. त्यातून सूक्ष्म इजा होते, मग सूज आणि मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढते. हे सारे खरे, पण दुखण्याची तीव्रता आणि इजेचे प्रमाण यांचे नाते सैल आहे. ताकद परत आली असताना दुखू शकते आणि न दुखताही ताकद उणी असू शकते.

त्यात एक मोठी फसगत दडलेली आहे. तोच व्यायाम आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा केला की दुखणे आपोआप बरेच कमी होते. स्नायू पहिल्याच खेपेला शिकतो. जिम लावलेला मुलगा पहिल्या आठवड्यात लंगडतो, दुसऱ्यात कोणी तरी रस सुचवते, तिसऱ्यात त्याला वाटते रसाने जादू केली. श्रेय स्नायूचे असते, पैसे रसाला जातात. म्हणूनच ‘मला तर फरक पडला’ या साक्षीला, ती कितीही प्रामाणिक असली तरी, इथे पुरावा म्हणून फार वजन नाही.

तिसरी पायरी: रसाच्या बाजूने काय आहे

रसाच्या बाजूचा पुरावा टाकून देण्याजोगा नाही. २००६ मध्ये अमेरिकेतल्या १४ विद्यार्थ्यांना आंबट चेरीचा रस ८ दिवस दिला गेला. दंडाच्या कडक व्यायामानंतर रस न घेता ताकद २२ टक्के घटली, रस घेऊन ४ टक्केच. डाळिंबावरचा आपल्याला सर्वांत जवळचा अभ्यास टेक्सास विद्यापीठातला, २०११ चा. वजने उचलणाऱ्या १७ पुरुषांना रोज दोनदा डाळिंबाचा रस दिला. कोपराच्या स्नायूंचे दुखणे कमी झाले, गुडघ्याच्या स्नायूंचे झाले नाही. हात आणि मांडी एकाच माणसाची, रस तोच, आणि परिणाम एका ठिकाणी दिसतो, दुसऱ्या ठिकाणी नाही. मला हा निकाल फार बोलका वाटतो. परिणाम असलाच तर तो काठावरचा आहे. २०१६ मध्ये ट्युनिशियाच्या ९ वेटलिफ्टरांना सत्राआधीचे दोन दिवस डाळिंबरस दिला, तेव्हा त्या सत्रातली कामगिरी सुधारली आणि दुखणेही कमी भरले.

नऊ, चौदा, सतरा. एवढ्या लहान संख्यांचे निकाल इकडचे तिकडे होऊ शकतात, म्हणून ते एकत्र तपासावे लागतात. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ५० अभ्यास आणि १०८९ माणसे होती. निष्कर्ष असा की अँटिऑक्सिडंटने दुखणे किंचित कमी होते, पण ते इतके किंचित की माणसाला त्याचा फरक जाणवण्याची शक्यता कमी. त्यात रस होते, अर्क होते, गोळ्याही होत्या.

आणि एक लक्षात घ्यावे. रसाच्या बाजूचे हे अभ्यास काही दिवसांचे आहेत आणि त्यांत मोजले गेले ते उद्या-परवाचे दुखणे किंवा त्या सत्रातली ताकद. गोळ्यांविरुद्धचे अभ्यास काही आठवड्यांचे आहेत आणि त्यांत मोजली गेली ती घडण. दोन्ही खरे असू शकतात, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. जिमच्या भिंतीवरच्या जाहिरातीत मात्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या खाली छापले जाते.

चौथी पायरी: पेल्यात नेमके काय उतरते

ज्यूस सेंटरवर डाळिंबाचा रस कसा निघतो ते नीट बघा. फळाचे दोन भाग होतात, अर्धा भाग तळहातावर पालथा धरून पाठीवर पळी ठोकली जाते, दाणे भांड्यात पडतात. साल आणि पिवळसर पापुद्रा पायाशी ठेवलेल्या क्रेटमध्ये जातो. दाणे मिक्सरमध्ये एकदोन झटके फिरतात, गाळणीवर दाबले जातात आणि लालभडक रस पेल्यात येतो.

डाळिंबाची अँटिऑक्सिडंट म्हणून जी ख्याती झाली, तिच्यात मोठा वाटा प्युनिकॅलॅजिन या द्रव्याचा आहे आणि ते प्रामुख्याने सालीत असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात डाळिंबाचा रस रेड वाइन आणि ग्रीन टीच्या तिप्पट प्रभावी ठरला. तो रस कारखान्यात अख्खे फळ सालीसकट दाबून काढलेला होता. त्याच अभ्यासात नुसत्या दाण्यांचा रस त्यामानाने कमी भरला. म्हणजे ज्या द्रव्याच्या नावाने आपण रस मागतो, त्याचा मोठा हिस्सा आपल्या डोळ्यांदेखत क्रेटमध्ये पडतो. (यावरून कोणी साल उकळून पिऊ नये. तसा सल्ला द्यायला आधार नाही.) दाण्यांच्या लाल रंगातली अँथोसायनिन मात्र पेल्यात येतात. त्यांचाही फार थोडा अंश रक्तात शोषला जातो.

पुढची गोष्ट आतड्यातली. प्युनिकॅलॅजिन जसेच्या तसे रक्तात पोहोचत नाही. आतड्यातले जीवाणू त्यापासून युरोलिथिन बनवतात, आणि ते बनवणारे जीवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. एकाच ताटात जेवणाऱ्या दोघांपैकी एकाला रसातून काही मिळेल, दुसऱ्याला नाही. शिवाय ही द्रव्ये शरीरात गेल्यावर अग्निशामकासारखी मूलके विझवत फिरत नाहीत. रक्तातले त्यांचे प्रमाण त्यासाठी फार कमी असते. झालेच तर ती पेशीला हलकासा चिमटा काढतात आणि पेशी स्वतःची यंत्रणा जागी करते. म्हणजे ती काम करतात तेव्हा व्यायामाच्याच जातीचे काम करतात.

नक्की पोटात जाते ती साखर. २५० मिलिलिटर डाळिंबरसात, वरून एक चमचाही न घालता, सुमारे ३० ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखर मोकळ्या साखरेतच मोजते आणि तिची मर्यादा रोजच्या उष्मांकाच्या १० टक्के, जमल्यास ५ टक्के ठेवायला सांगते. २००० कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. पेला संपता संपता ती ओलांडली. पाकीटबंद रसाबद्दल वेगळे लिहीत नाही. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये पाकिटांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला लावला, एवढे पुरे.

आक्षेप

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार: विपरीत परिणाम दिसला तो गोळ्यांच्या जबर मात्रेने, पेलाभर रसाने नव्हे. मान्य. रोज एक पेला डाळिंबरसाने स्नायूंची वाढ खुंटते, असे मी म्हणत नाही आणि तसा पुरावाही नाही. पण मग दुसरी बाजूही मान्य करावी लागेल. पेल्यातली मात्रा मूलकांचा निरोप दाबण्याइतकी मोठी नसेल, तर ‘मूलके मारून रिकव्हरी करतो’ हा दावाही त्याच मात्रेवर उभा राहू शकत नाही. फायद्याच्या वेळी रस बलवान आणि तोट्याच्या वेळी दुबळा, असे दोन्हीकडून चालत नाही.

दुसरा आक्षेप: साखर तरी उपयोगी आहेच, स्नायूंतले ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, भरून निघते. निघते. पण तासाभराच्या वजनाच्या व्यायामात ग्लायकोजनची तळी आटत नाहीत, आणि पुढचे सत्र उद्या किंवा परवा असेल तर पोहे, भाकरी, वरण-भात ते काम निवांत करतात. दिवसातून दोनदा मेहनत करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

तिसरा आक्षेप तालमीतून येतो. आमचे पैलवान पिढ्यान्‌पिढ्या व्यायामानंतर थंडाई पीत आले, ते काय उगाच? मुळीच नाही. थंडाईत दूध असते, वाटलेले बदाम असतात, खसखस असते. म्हणजे प्रथिने, स्निग्धांश आणि उष्मांक. तिला तालमीत खुराक म्हणतात आणि ती खुराकच आहे. शिवाय तो पैलवान पहाटे जोर-बैठका मारायचा, संध्याकाळी मातीत उतरायचा आणि मधल्या दुपारी झोपायचा. परंपरेतून पेला उचलायचा तर ती दुपारही उचलावी लागेल.

चौथा आक्षेप मला मनापासून महत्त्वाचा वाटतो: असे लिहून तुम्ही डाळिंब उत्पादकाच्या पोटावर पाय देता. देशात सर्वाधिक डाळिंब महाराष्ट्र पिकवतो. पुण्यातल्याच गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात निवडलेल्या ‘गणेश’ वाणाने या फळाला राज्यात जम दिला, राहुरीच्या विद्यापीठाच्या ‘भगवा’ने ते परदेशी नेले, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेल्या रोगाने बागा उपटाव्या लागलेल्या शेतकऱ्यांना मागणी हवी, हे उघड आहे. पण औषध म्हणून उभी केलेली मागणी पुढच्या फॅशनबरोबर मावळते. अमेरिकेत ‘पॉम वंडरफुल’ कंपनीने आजारांवर गुणकारी म्हणून डाळिंबरस खपवला, तेव्हा तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये ते दावे फसवे ठरवले आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम ठेवला. चवदार, चोथ्यासकट खायचे फळ म्हणून डाळिंबाची जागा पक्की आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतही रसापेक्षा अख्खे फळ खा, असेच सांगितले आहे.

मग रस केव्हा?

हडपसरला लागूनच रामटेकडी आहे. तिथे राज्य राखीव पोलीस दलाच्या गट १ आणि गट २ ची ठाणी आहेत. या दलाच्या भरतीत ५ किलोमीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. वर्षभर राबलेल्या मुलाला मैदानी चाचणीच्या दिवशी स्नायू घडवायचे नसतात, जे घडले आहे ते पूर्ण वापरायचे असते. इथे घडणीचा निरोप दाबला जाईल ही चिंताच नाही. एका धावण्यानंतर थोड्या वेळाने गोळा फेकायचा आहे, दुखणे रेसभरही कमी झाले तर हवेच आहे, साखरही लगेच कामी येते. ट्युनिशियाच्या वेटलिफ्टरांचा अभ्यास याच परिस्थितीशी जुळतो. कुस्ती स्पर्धेत एकाच दिवशी अनेक कुस्त्या खेळणाऱ्या मल्लाचेही तेच. अशांनी आधीचे दोन-तीन दिवस आणि त्या दिवशी रस घ्यावा. मात्र पोटाला तो सोसतो का, हे सरावाच्या दिवशी आधीच पाहून ठेवावे. चाचणीच्या सकाळी पहिल्यांदा अर्धा लिटर रस पिऊन धावायला उभे राहणे धोक्याचे आहे.

(बीटचा रस या चर्चेत मिसळू नये. त्याचा धावण्यावर जो परिणाम दिसतो तो मुख्यतः नायट्रेटमुळे, अँटिऑक्सिडंटमुळे नाही. सफरचंद-बीट-गाजराच्या ‘एबीसी ज्यूस’च्या एकाच पेल्यात दोन वेगळी शास्त्रे ढवळली जातात.)

रिकव्हरी हरवते कुठे

मगरपट्ट्यातल्या आयटी पार्कमध्ये रात्री अकराला अमेरिकेशी कॉल संपवून सकाळी साडेसहाला जिममध्ये हजर होणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या शरीराला जे कमी पडते आहे ते डाळिंबात नाही. स्नायूची डागडुजी होते ती झोपेत आणि प्रथिनांतून. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे सर्वसाधारण माणसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वजनाचा व्यायाम करणाऱ्याला सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. ७० किलोच्या माणसाला म्हणजे ११२ ग्रॅम. डाळिंबरसाच्या पेल्यात एक ग्रॅमही भरत नाही. अंड्यात ६, पेलाभर दुधात ८, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. पोळी-भाजी-आमटीच्या घरगुती जेवणात हा आकडा सहसा निम्म्यावर अडकतो. जो रोज रसाला पैसे मोजतो, त्याने तेच पैसे महिनाभर दूध, दही, अंडी, फुटाणे, सोयाबीन यांच्याकडे वळवून बघावे आणि तपासताना अंग किती दुखले हे न विचारता बारवर किती वजन चढले हे वहीत लिहावे.

मला राग येतो तो इथे. शिफ्टने माणसाची झोप घेतली, प्रवासाने संध्याकाळ घेतली, आणि उरलेल्या थकव्यावर त्याला लाल रंगाचा पेला विकला जातो. थकवा खरा आहे. त्याचे कारण कामाच्या वेळापत्रकात आहे आणि तिथे बोट ठेवण्याऐवजी आपण मूलकांवर ठेवतो.

संशोधनाच्या बाजूने एक मागणी करावीशी वाटते. कोक्रेनच्या आढाव्यातल्या माणसांपैकी जवळपास नव्वद टक्के पुरुष होते. भारतीय आहारावर वाढलेली, वरण-भात खाणारी, नव्याने वजने उचलू लागलेली बाई त्यात जवळजवळ नाहीच, आणि हडपसरच्या जिममध्ये आज तिची संख्या डोळ्यांत भरते. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात आहे. अधिक लोह, जस्त आणि अँथोसायनिन असलेला ‘सोलापूर लाल’ हा वाण त्यांनीच काढला. पुण्यात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, स्वयंसेवक हवे तेवढे मिळतील. तीन गट करावेत: एकाला दाण्यांचा रस, एकाला तेवढीच साखर असलेले रंगीत पाणी, एकाला अख्खे डाळिंब. प्रथिने तिन्ही गटांना सारखी. मुदत किमान १२ आठवडे. दुखणे रोज नोंदवावे, पण निकाल ठरवावा तो शेवटच्या आठवड्यात उचललेल्या वजनावर आणि मांडीच्या स्नायूच्या मोजलेल्या जाडीवर.